कामावर इजा झाली तर

'इजा' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत आपण 'ईजा' म्हणतो, तो हाच. उर्दूत त्याचा अर्थ दुःख, यातना असा मोठा आहे. मराठीत मात्र तो मुख्यतः अंगाला झालेल्या दुखापतीसाठी वापरतात. या पाठात असे पुष्कळ शब्द येतील : हक्क, मालक, कायदा, अर्ज, दावा, वारस, जबाब, कसूर. हे सगळे तुमच्या घरातलेच शब्द आहेत. मराठीत येऊन ते कचेरीत जाऊन बसले आहेत, एवढेच. ज्या विषयात हे शब्द एकत्र येतात तो विषय आपण आज समजून घेणार आहोत. कामावर असताना माणसाला इजा झाली तर त्याला काय मिळते, आणि ते कोणाकडून?

भिवंडीच्या किंवा मालेगावच्या मुलांना यंत्रमागाचा आवाज कसा असतो हे सांगावे लागत नाही. ताण्याच्या सुतांमधून धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे धावत असतो. एखाद्या वेळी तो वाट सोडतो आणि मागाबाहेर उडतो. जवळ उभ्या असलेल्या कारागिराच्या डोळ्यावर बसला तर डोळा जातो. पट्ट्यात बोट सापडते. सायझिंगच्या कारखान्यात वाफेने हात भाजतो. यंत्रमाग नसलेल्या गावांतही हेच चालते, फक्त हत्यार वेगळे. इमारतीच्या परातीवरून माणूस पडतो, बेकरीत कणीक मळण्याच्या यंत्रात हात जातो, ट्रकमधून माल उतरवताना पेटी पायावर येते.

मग काय होते, तेही तुम्ही पाहिले असेल. शेठ रिक्षा करून जखमी माणसाला दवाखान्यात नेतो. दोन-तीन वेळा मलमपट्टीचे पैसे देतो. हातावर पाच-दहा हजार रुपये ठेवतो. मोहल्ल्यातले लोक चंदा गोळा करतात. घरातले म्हणतात, "शेठ भला माणूस आहे, त्याने एवढे तरी केले." तो भला असेलही. चंदा देणारे तर भले असतातच. पण चार महिन्यांनी चंदा संपतो आणि गेलेले बोट परत येत नाही. शेठ भला नसता तर काय झाले असते, हा प्रश्नही उरतोच.

या प्रश्नाचे उत्तर कायद्याने फार पूर्वी दिले आहे. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यायची असते आणि किती द्यायची हेही ठरलेले असते. ती मागताना मान खाली घालावी लागत नाही.

हे उत्तर सहज मिळाले नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जखमी कामगाराला भरपाई हवी असेल, तर अपघात मालकाच्या कसुरीमुळे झाला हे त्याला कोर्टात सिद्ध करावे लागे. ज्याचा हात गेला आहे, ज्याला वाचता येत नाही, ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्याने श्रीमंत गिरणीमालकाची कसूर कशी सिद्ध करायची? मालकाचे वकील म्हणत, "यंत्राजवळ धोका असतो हे त्याला ठाऊक होते, तरी तो कामाला आला." किंवा म्हणत, "ही चूक मालकाची नाही, शेजारी काम करणाऱ्या दुसऱ्या कामगाराची आहे." अशा युक्तिवादांपुढे गरिबाचा दावा टिकत नसे.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी या अन्यायाविरुद्ध फार लवकर आवाज उठवला. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या. त्या सभांमधून एक अर्ज तयार झाला आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. लोखंडे यांचे नाव आपल्याला रविवारच्या सुटीमुळे माहीत असते, आणि ती मागणी या अर्जात होतीच. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, तिची आठवण फार थोडे लोक काढतात. कामावर गंभीर इजा झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची योग्य सोय व्हावी, अशी ती मागणी होती. मला स्वतःला ही मागणी रविवारच्या सुटीइतकीच मोठी वाटते.

ती कायद्यात उतरायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. जर्मनीत १८८४ साली आणि इंग्लंडमध्ये १८९७ साली अपघात झालेल्या कामगारांसाठी कायदे झाले होते. हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याने एक मोठी गोष्ट केली : कसूर कोणाची, हा प्रश्नच बाजूला ठेवला. माणूस कामावर होता का? इजा त्या कामामुळे झाली का? या दोन प्रश्नांची उत्तरे 'होय' असली की मालक भरपाई देण्यास बांधील झाला.

स्वातंत्र्यानंतर दुसरी वाट निघाली. राज्य कामगार विम्याचा कायदा १९४८ मध्ये झाला आणि पंडित नेहरूंनी २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे या योजनेचे उद्घाटन केले. आपल्याकडे ती १९५४ मध्ये नागपूर आणि मुंबई येथे सुरू झाली. पुढे २०२० मध्ये संसदेने हे दोन्ही कायदे आणि असेच इतर काही कायदे एकत्र करून सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता लागू झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. पुस्तक बदलले, तरी भरपाईचे मूळ तत्त्व १९२३ चेच आहे.

आता तो महत्त्वाचा शब्दप्रयोग पाहू. इजा 'कामामुळे आणि काम चालू असताना' झालेली हवी. हे वाचायला सोपे वाटते. पण याच एका ओळीवर शेकडो खटले चालले आहेत. काम नेमके कोठे सुरू होते आणि कोठे संपते? कारखान्याच्या दाराशी? घराच्या उंबऱ्याशी?

सौराष्ट्रातील पोरबंदरजवळ मिठाचा एक कारखाना होता. तेथील कामगार काम संपल्यावर खाडी ओलांडून घरी जात. एकदा त्यांची नाव उलटली आणि काही कामगार बुडाले. त्यांच्या वारसांनी भरपाई मागितली. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. नाव सर्वांसाठी असलेल्या उताराची होती, त्या वाटेने कोणीही जाऊ शकत होते. तेव्हा कामगार नावेत बसले त्यापूर्वीच त्यांचे काम संपले होते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

पाच वर्षांनी मुंबईच्या बेस्टचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. एक बसचालक जोगेश्वरीच्या डेपोत आपली पाळी संपवून, बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये बसून सांताक्रूझला घरी निघाला होता. वाटेत ती बस उभ्या असलेल्या लॉरीवर आदळली आणि त्यात त्याचा जीव गेला. हे १९५७ साली घडले. त्याच्या पत्नीने दावा केला. बेस्टचे म्हणणे, पाळी संपली तेव्हाच काम संपले. पण चालकांनी वेळेवर कामावर यावे, थकून जाऊ नये, म्हणून बेस्टच त्यांना आपल्या बसमधून मोफत प्रवास करू देत होती. १९६३ मध्ये न्यायालयाने पत्नीच्या बाजूने निकाल दिला : हा प्रवास नोकरीचाच भाग होता.

हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे माणसे घरीच चालली होती. एका घराला पैसे मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाहीत. खाडीत बुडालेल्यांच्या घरी हा फरक कोणी कसा समजावून सांगितला असेल, असा विचार माझ्या मनात येतो. आज २०२० च्या संहितेने घर ते कामाची जागा आणि कामाची जागा ते घर या प्रवासातील अपघातही कामावरचाच मानला आहे. मात्र अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. विमा योजनेत असा नियम २०१० पासूनच होता.

आता हिशोबाकडे वळू. गणिताची वही जवळ असेल तर घ्या.

भरपाई ठरवताना तीन गोष्टी लागतात : कामगाराचे मासिक वेतन, त्याचे वय आणि इजेने त्याची कमाईची शक्ती किती टक्क्यांनी कमी झाली. वयासाठी कायद्याच्या सूचीत एकेक गुणक दिलेला आहे. तरुण माणसाची कमाईची वर्षे अधिक उरलेली असतात, म्हणून त्याचा गुणक मोठा. ३० वर्षांच्या माणसासाठी तो २०७.९८ आहे, ४० वर्षांच्या माणसासाठी १८४.१७ आणि ५० वर्षांच्या माणसासाठी १५३.०९. कामगार कायमचा पूर्ण अपंग झाला, म्हणजे अपघाताच्या वेळी तो करू शकत होता असे कोणतेच काम करू शकत नाही असा झाला, तर वेतनाच्या ६० टक्के रकमेला या गुणकाने गुणायचे. मृत्यू झाला तर वेतनाच्या ५० टक्के धरायचे. हिशोबात वेतन किती रुपयांपर्यंत धरायचे याची मर्यादा सरकार ठरवते. २०२० च्या जानेवारीत ती १५,००० रुपये करण्यात आली होती. त्या वर्षी २०,००० रुपये मिळवणाऱ्याचा हिशोबही १५,००० वरच झाला असता. अशी मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून दावा करताना चालू आकडा कार्यालयात विचारून घ्यावा.

अवयव गमावल्यास किती टक्के, याचीही सूची आहे. दोन्ही हात गेले तर १०० टक्के. एक हात गेला तर ६०. एका हाताची चार बोटे गेली तर ५०. अंगठा गेला तर ३०, आणि एका हाताची तीन बोटे मिळून तितकेच. अंगठ्याशेजारचे पूर्ण बोट १४ टक्के, मधले बोट १२, करंगळी किंवा तिच्या शेजारचे बोट ७. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४० टक्के. डोळा जागेवर राहिला पण नजर गेली तर ३०. माणसाच्या शरीराचा असा भाव ठरवलेला वाचून अंगावर काटा येतो, हे खरे. पण भाव ठरलेला नसला, तर तो शेठ ठरवतो.

समजा, ३० वर्षांचा एक कारागीर दरमहा १२,००० रुपये मिळवतो आणि पट्ट्यात सापडून त्याचे अंगठ्याशेजारचे पूर्ण बोट जाते. १२,००० चे ६० टक्के म्हणजे ७,२००. त्याला २०७.९८ ने गुणले की १४,९७,४५६ रुपये होतात. त्याचे १४ टक्के म्हणजे सुमारे २,०९,६४४ रुपये. आता हातावर ठेवलेले ते पाच-दहा हजार आठवा.

सूचीत नसलेल्या इजेसाठी डॉक्टर टक्के ठरवतात. आणि सूची म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. ओडिशात १९६८ साली एक सुतार चित्रपटगृहात सजावटीचे लाकूडकाम करत असताना पडला. त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचे म्हणणे, एकच हात गेला आहे, तेव्हा सूचीप्रमाणे काही टक्केच द्यावेत. डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. सुतारकाम एका हाताने होत नाही. लाकूड एका हाताने धरावे लागते, दुसऱ्याने करवत चालवावी लागते. तेव्हा सुतारासाठी एक हात जाणे म्हणजे सगळेच जाणे होय. त्याला पूर्ण अपंगत्वाची ९,८०० रुपयांची भरपाई, शिवाय मालकाने पैसे देण्यास उशीर केला म्हणून ४,९०० रुपये दंड आणि व्याज देण्याचा आदेश कायम राहिला. मालकाने एक महिन्यात पैसे दिले नाहीत तर व्याज लागते आणि रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो, हा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

सगळ्याच इजा कायमच्या नसतात. पाय मोडला, तीन महिन्यांनी जुळला. या काळात मालकाने दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम द्यायची, म्हणजे महिन्याला निम्मा पगार झाला. घरी बसावे लागलेले दिवस २८ पेक्षा कमी असतील तर पहिल्या तीन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. औषधोपचाराचा खरोखर झालेला खर्च वेगळा द्यायचा. ही तरतूद २००९ च्या दुरुस्तीने आली आणि ती फार आवश्यक होती. त्याआधी निम्म्या पगारातूनच दवाखान्याचे बिल भरावे लागे.

आता दुसरी वाट, म्हणजे राज्य कामगार विमा. लोक तिला 'ई. एस. आय.' म्हणतात. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या कारखान्यांना आणि दुकानांना ही योजना लागू होते. १ जुलै २०१९ पासून मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतो, असा दर ठरला. १२,००० रुपये पगाराच्या माणसाचे महिन्याला ९० रुपये कापले जातात आणि मालक ३९० रुपये घालतो. पगारातून हे ९० रुपये कापले गेले की काही जण कुरकुर करतात. पण इजा झाली की विम्याकडून सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि डॉक्टरांनी कामावर जाण्यास योग्य ठरवीपर्यंत मिळत राहते. मुलुंड, उल्हासनगर, नाशिक, सोलापूर अशा ठिकाणी योजनेची रुग्णालये आहेत. तेथे उपचारांचे पैसे पडत नाहीत. कामावरच्या इजेसाठी किती महिने वर्गणी भरली हेही पाहत नाहीत. पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क आहेच.

कायमचे अपंगत्व आले तर विम्यात एकरकमी भरपाईऐवजी सहसा जन्मभर दरमहा रक्कम मिळते. आपल्या कारागिराचे रोजचे सरासरी वेतन ४०० रुपये धरले, तर ९० टक्के म्हणजे ३६० आणि त्याचे १४ टक्के म्हणजे रोज ५० रुपये ४० पैसे. महिन्याला सुमारे दीड हजार, तेही तो पुन्हा कामावर जाऊन पगार मिळवत असला तरी. कामगार दगावला तर ही रक्कम कुटुंबाला मिळते : पत्नीला पाचातील तीन हिस्से, ती पुनर्विवाह करीपर्यंत, मुलांना प्रत्येकी दोन हिस्से, ठरलेल्या वयापर्यंत, मात्र सगळे मिळून पूर्ण रकमेहून अधिक नाही.

ज्याला विमा आहे त्याने विम्याकडे जायचे. तो त्याच इजेसाठी मालकाकडून भरपाईच्या कायद्याने पुन्हा पैसे घेऊ शकत नाही. आणि ज्याला विमा नाही? यंत्रमागाचे पुष्कळ कारखाने सहा-सात माणसांचे असतात. तेथे ई. एस. आय. नसते, म्हणून तेथील कामगार समजतात की आपल्याला काहीच नाही. हा मोठा गैरसमज आहे. विजेवर चालणाऱ्या यंत्राचे उत्पादन जेथे होते, तेथे माणसे कितीही कमी असोत, भरपाईची पहिली वाट उघडीच असते.

असे गैरसमज आणखी आहेत. "तो मालकाचा नोकर नाही, ठेकेदाराचा माणूस आहे," असे मालक सांगतो. काम मालकाच्या धंद्याचेच असेल तर कामगार थेट मालकाकडून भरपाई मागू शकतो. मालकाने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. "तो कायम नव्हता, रोजंदारीवर होता." रोजंदारीवरच्या माणसालाही भरपाई आहे. "त्याने निष्काळजीपणा केला." नुसत्या निष्काळजीपणाने हक्क जात नाही. दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली असणे, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडणे, यंत्राचे संरक्षक कवच मुद्दाम काढून टाकणे, अशा कारणांनी झालेल्या इजेची भरपाई मालक नाकारू शकतो. पण तेव्हाही मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला, तर नाकारता येत नाही. धोट्यासमोरची जाळी शेठनेच काढून ठेवली असेल, तर तो दोष कारागिराच्या माथी मारता येणार नाही, हे वेगळे सांगायला नको.

वयाच्या त्या सूचीची पहिली ओळ मी अजून सांगितलेली नाही. ती आहे '१६ वर्षांहून अधिक नाही' आणि तिचा गुणक २२८.५४, सगळ्यांत मोठा. तुमच्या वयाच्या मुलांची ओळ आहे ती. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात कामाला ठेवणे गुन्हा आहे आणि अठरा वर्षांखालील मुलाला धोक्याच्या कामावर ठेवणेही गुन्हा आहे. तरी सुटीत कांड्या भरायला जाणारी मुले तुमच्या वर्गात असतील. अशा मुलाला इजा झाली, तर "त्याला ठेवणेच बेकायदा होते, म्हणून भरपाई नाही" असे म्हणून मालकाला सुटता येत नाही.

आता हा पाठ उर्दूच्या पुस्तकात न देता मराठीच्या पुस्तकात का दिला, ते सांगतो. आपल्या राज्यात पोलिसांचा पंचनामा मराठीत होतो. जखमी माणसाचा जबाब मराठीत लिहून घेतात. कामगार कार्यालयातले अर्ज मराठीत असतात. अब्बा किंवा चाचा दवाखान्याच्या खाटेवर असतात, शिपाई कागद पुढे करतो आणि म्हणतो, "इथे सही करा." त्या वेळी घरात मराठी वाचणारे माणूस बहुधा एकच असते. ते म्हणजे तुम्ही.

तेव्हा काय वाचायचे? जबाबात चार गोष्टी पाहा. अपघाताची तारीख आणि वेळ बरोबर आहे का? जागा कारखान्याचीच लिहिली आहे की 'घरी पडल्याने' असे काही लिहिले आहे? तो कोणते काम करत होता ते आले आहे का? मालकाचे नाव आले आहे का? यांतले एक जरी चुकले असेल तर सही करण्याआधी दुरुस्त करून मागा. मागण्यात बेअदबी नाही. सही झाल्यावर तोच कागद कामगाराच्या विरुद्ध साक्ष देतो. 'घरी पडल्याने' हे दोन शब्द दोन लाख रुपये बुडवू शकतात.

दुसरा एक कागद कधी कधी शेठचा मुनीम आणतो. त्यावर लिहिलेले असते की 'मला अमुक रक्कम मिळाली, यापुढे माझे काही घेणे नाही.' कायद्याने मिळणारी भरपाई सोडून देणारा किंवा कमी करणारा असा करार निरर्थक असतो. अपंगत्वाच्या रकमेबद्दल दोघांत समझोता करता येतो. पण तो सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम फार कमी वाटली तर अधिकारी नोंद नाकारू शकतो. मृत्यूची भरपाई तर मालकाने थेट वारसांच्या हाती द्यायचीच नसते. ती अधिकाऱ्याकडे जमा होते आणि तो वारसांमध्ये वाटतो, म्हणजे विधवेचा आणि लहान मुलांचा हिस्सा कोणी चाचा-मामू परस्पर उचलून नेऊ शकत नाही.

अपघात झाल्यावर मालकाला तो लवकरात लवकर लेखी कळवावा आणि त्या पत्राची पोच घ्यावी. दाव्यासाठी १९२३ च्या कायद्याने दोन वर्षांची मुदत ठेवली होती. पण दोन वर्षे वाट पाहायची गरजच काय? साक्षीदार गाव सोडून जातात, हजेरीची वही हरवते. आपल्याकडचा कारागीर पगार आठवड्याला घेतो, त्याची चिठ्ठी मिळत नाही. म्हणून दर आठवड्याला किती मिळाले ते एखाद्या वहीत तारखेसह लिहून ठेवण्याची सवय घरात लावा. वेतन सिद्ध झाले नाही, तर वरचा सगळा हिशोब कमी रकमेवर होतो. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. कारखान्यातील कामगार, स्त्रिया आणि अपंग व्यक्ती यांना तेथे वकील मोफत मिळतो. ते कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते.

एक गोष्ट राहिली. ती लहान दिसते, पण तिच्यामुळे दावे वर्षानुवर्षे अडतात. आपली नावे मराठीत लिहिताना प्रत्येक जण वेगळी लिहितो. दवाखान्याच्या कागदावर 'महंमद', आधार कार्डावर 'मोहम्मद', रेशन कार्डावर 'मो.' आणि शेठच्या वहीत नुसते 'भाई'. 'अब्दुल रहमान' कोठे दोन शब्दांत, कोठे एका शब्दात. कोठे वडिलांचे नाव पुढे, कोठे नाहीच. कार्यालयातला कारकून हे सगळे कागद शेजारी ठेवतो आणि विचारतो, "ही चार माणसे की एक?" मग प्रतिज्ञापत्र करा, पुन्हा तारीख घ्या, पुन्हा या. म्हणून जखमी माणसाला दवाखान्यात नेताना त्याचे आधार कार्ड बरोबर घ्या, आणि केसपेपरवर नाव लिहिणाऱ्याच्या समोर ते उघडून धरा, म्हणजे तो त्यावरचीच अक्षरे उतरवून घेईल.